मॅडमच्या रानातली पायवाट

कर्जत स्टेशनाबाहेरची रिक्षा भरायची होती. आत आम्ही तिघंच होतो: मी, मांडीवर कोयता घेतलेला एक गडी आणि त्याच्या गावची एक म्हातारी.

"गजा, कोयता घेऊन कुठं निघालास रं?"

"मॅडमच्या रानात, काकी. पायवाट साफ करायला."

"आमची लाकडं आणायची वाट?"

"तीच. त्यांनी कुंपण घातल्यापास्नं रानमोडी माजलीय नुसती. दर म्हैन्याला तोडतो, दर म्हैन्याला उगवते."

"आमी बाया रोज चालायचो तवा गवताची काडी नव्हती तिथं."

"मी मॅडमना तेच बोललो. त्यांना लय पटलं."

"मंग कुंपण काढणार?"

"नाय गं. कामाला बाया ठेवणार. सकाळी दोन तास डोक्यावर मोळी घेऊन वाटेनं जायचं-यायचं. वाट बी मोकळी ऱ्हाईल आन त्यांच्या रिसॉर्टवरच्या पाहुण्यांना फोटो बी मिळतील. तुजं नाव सांगून ठेवलंय मी."

"ती मोळी घरी नेऊ देतील?"

"मोळी त्यांची. निघताना गेटवर ठेवायची."

"बरं, येते उद्या. माज्या घरामागनंच तर सुरू होते वाट."

"तिथनं नको येऊ, काकी. तिथं तारा हायेत. डांबरी रस्त्यानं वळसा घालून मेन गेटला यायचं."

"अरं, तीन किलोमीटर पडंल ते!"

"मॅडम गाडी पाठवणार हायेत. तिथवर चालून दमलीस, तर वाटेवर कोण चालणार?"