बाबा कापायचे ती वाट

हॅलो?… हॅलो, आर्डिस? अगं मीच, मार्लिस. धाकट्या बहिणीचा आवाज विसरलीस की काय ॲरिझोनाला जाऊन?… दुपारपासून लावतेय तुला… झोपली होतीस. बरं.

कुठे असणार? टाउन हॉलच्या पायऱ्यांवर. आत कॉफी आणि लेमन बारच्या वड्या मांडल्यात, म्हणून सगळा गाव लोटलाय… हो, आजच. तळ्याकडे उतरणारी वाट टिमला देऊन टाकायची की सगळ्यांसाठी ठेवायची, ते आज ठरणार… अगं टिम, तू ज्याला आपलं घर विकलंस तो… हो ना, साखळी लावलीय त्याने वाटेला. खुर्च्या टाकून बसतात तिथे.

नाही गं, माणूस वाईट नाही… ऐक तर. तो म्हणतो, वाट म्हणजे घराचंच अंगण, कारण तिथलं गवत कायम घरवालेच कापत आलेत… तेच तर ना! आधी बाबांनी कापलं, मग तू. का, तर लोकांच्या पोरांना गोचीड चिकटू नये. केलेला चांगुलपणाच अंगाशी आलाय.

माझं सांगून झालं. पण मी पडले तळ्याच्या समितीची, मी तेच म्हणणार, म्हणतात. घर तुझ्या नावावर होतं. तू सांगितलंस तर ऐकतील.

काय?… अगं, विकलंस म्हणून कोण रागावलंय? तुझ्या नवऱ्याला, वॉल्टरला, इथल्या थंडीत श्वास घेववत नव्हता… मी? रागावले होते थोडी… बरं, पुष्कळ. पण घरासाठी नाही, आर्डिस. तू गेलीस म्हणून. वॉल्टर वारल्यावर तरी परत येशील असं वाटलं होतं. अजून उन्हाळा लागला की माझं लक्ष त्या वाटेकडेच असतं.

अगं, रडू नकोस बाई. मला आत जाऊन बोलायचंय.

पाणी? काय सांगू… सकाळी होडीतून थाळी सोडली, पाणी किती नितळ आहे ते बघायला… हो, बाबांचीच, ती दोरी बांधलेली पांढरी. ते सोडायचे आणि तू होडीच्या काठावर पोट टेकून बघत बसायचीस. किती खोलवर दिसायची ती! मग दिसेनाशी झाली की ओरडायचीस, "गेली!" आता दोरी सोडते न सोडते तोच हिरव्यात गडप. लोकांच्या हिरवळीचं सगळं खत तळ्यात उतरतंय… कोण असणार माझ्याबरोबर? मीच सोडते, मीच बघते आणि "गेली"सुद्धा मीच म्हणते, मनातल्या मनात. वाट बंद झाली की होडी तरी कुठून उतरवू? मग पाण्याकडे बघायला उरणार ते खत टाकणारेच.

लून पक्षी?… हो, आलीय जोडी. पिल्लू पाठीवर घेऊन फिरतेय… मग ये ना बघायला… बरं, बरं. गुडघे. माहीत आहेत मला तुझे गुडघे.

थांब हं… आलेच, आलेच!… आपल्याला बोलावतायत. आर्डिस, ऐक. अध्यक्षबाईंना विचारलंय मी, फोनवर बोललीस तरी चालेल म्हणाल्या… आत्ता. हे बघ, चाललेच मी आत… तयारी कसली त्यात? बाबा गवत का कापायचे, तेवढं सांग… टिम ना? बसलाय पुढेच, बायकोसकट. त्यांच्यादेखतच सांग… रागावला तर रागावला. तू तिकडे, तो इकडे.

घाबरतेस कशाला? इथे सगळे आपलेच आहेत… हो, मी शेजारीच आहे. फोन माझ्याच हातात आहे.

माईकला लावते हं आता. होडीतून ओरडायचीस ना, तसं मोठ्याने… मी आता गप्प बसते.

बोल, आर्डिस.