दुपारी तेल गोठतं ते गाव

हॅलो?

हॅलो… हां जी, बोलिए… जी, पुनम ही बोल रही हूं… नहीं नहीं, हमको कुछ नहीं चाहिए. लोन नहीं, प्लॉट नहीं… कौन बुजुर्ग? …किसको फोन दे रही हो आप? …हॅलो?

आबा?

आबा, तुम्ही? …हा कुणाचा नंबर? …हळू, हळू बोला. ओरडू नका. अमृत आत्ताच झोपलाय कूलरसमोर… येतंय ऐकू. स्पष्ट येतंय… नाही, ठेवत नाही. म्हटलं ना, नाही ठेवत. बोला.

हं… तुमच्या नंबरवरून केला असता तर उचलला नसता, ते खरंच आहे. अकरा महिने नाही उचलला, तो आज कशाला उचलला असता.

खोकताय काय एवढं? …धूळ? साक्रीत एवढी कसली धूळ आली? …मयुरीताईंकडेच आहात ना तुम्ही? आईंनी तर ह्यांना फोनवर सांगितलं, आबा लेकीकडे गेलेत साक्रीला, राहतील थोडे दिवस…

कुठे?

परत सांगा.

अहो आबा… ठियोग हिमाचलात आहे. शिमल्याच्याही पुढे. कुठून बोलून राहिले तुम्ही? …तिथूनच? …ओ माय!

एकटे गेलात? …सुरतच्या पुढे आयुष्यात कधी गेला नाहीत… बरं, नाशिक. नाशिक धरा हवं तर. पण नाशिक कुठे आणि… भुसावळहून दिल्ली. कशाने? …जनरलच्या डब्यात? ह्या वयात? …मग पठाणकोट. मग बस बदलत बदलत… नको, मला डोंगराचं वर्णन नको. पोटात काय घातलंत ते सांगा… कळण्याची भाकरी? घरून नेलेली? …आबा, तिसऱ्या दिवशी दगड झाली असेल त्या भाकरीचा.

आणि आईंना खोटं सांगून निघालात… हो, सोडलंच नसतं त्यांनी, पण…

हे नाव तरी कुणी सांगितलं तुम्हाला? …कॅलेंडरवरून? …आमच्या किचनच्या? …हां, ती ह्यांनीच लिहिलीत. पालमपूर, सोलन, ठियोग. पण तुम्ही कधी… केळी द्यायला आला होतात तेव्हा. दारातून वाचलीत.

आत या म्हटलं नव्हतं मी. हो. आठवतंय मला.

मग ह्यांना तरी सांगायचं, ह्यांच्याबरोबर… बरोबर आहे, ह्यांना सुट्टीच नाही. वीज केंद्रात युनिटच्या दुरुस्तीचं काम काढलंय, जूनपर्यंत कुणालाच सोडत नाहीत. बदली मागितली तर म्हणे चंद्रपूरला जागा आहे. चंद्रपूरला काय बर्फ पडतो? …म्हणून तर ठरलं. मी आणि अमृत पुढे जायचं, हे सुट्टीत येतील तसे येतील. आणि गाव कुठलं, ते बघायलाच कुणाला फुरसत नाही. रोज रात्री ते फोनवर फोटो दाखवतात, मी म्हणते छान आहे. फोटोत सगळंच छान असतं…

तिन्ही पाहिलीत? तिन्ही गावं?

बरं, ही बाई कोण, जिनं फोन लावून दिला? …घरमालकीण. बरं. …वरच्या मजल्यावर दोन खोल्या… बाथरूम आत आहे ना? …हं, चांगलं. …काय विचारलं तिनं? एवढ्या लांबून कशाला येताय? …आणि तुम्ही सांगितलं, नातवाला घाम येत नाही. …हसली?

हसणारच. सगळे हसतात आधी. इथं कॉलनीतल्या बायकाच म्हणायच्या मला, किती छान गं, कपड्यांना वास नाही. अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत म्हणजे काय, ते त्यांना काय माहीत. आपण घाम पुसतो आणि उन्हाळ्याला शिव्या देतो. त्याचं अंग एकदा तापायला लागलं की तापतच जातं, ती आग बाहेर पडायला वाटच नाही त्याच्या अंगाला… हो. तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला तर नकोच.

पालमपूर कसं आहे ते सांगा. ह्यांना तेच आवडलंय. मोठा दवाखाना आहे, शाळा जवळ, चढ-उतार कमी. पाय ओढत का होईना, अमृतला चालता येईल… हो ना? तुम्हालाही आवडलं ना? …मग? …नाही कशाला म्हणताय? …पातळ झालं? काय पातळ झालं?

खोबरेल?

डोक्याचं खोबरेल तेल… बाटली नेलीत घरून… हं… सकाळी खिडकीत ठेवायची, सावलीत… आणि दुपारी दोनला जाऊन बघायची. …हं.

हो, आपल्याकडे होळीपासून पाण्यासारखंच असतं ते. …पंचविसाच्या आत असलं की गोठतं, बरोबर. डॉक्टरांनी पण अमृतला पंचवीसच सांगितलंय, त्याच्या वर पारा गेला की शर्ट ओला ठेवायचा… पालमपूरला पातळ झालं. अख्खं? …आणि सोलनला? …तिथंही. जेवायच्या आधीच.

आणि तिथं? ठियोगला?

आत्ता? …आत्ता अडीच वाजत आलेत, इथं कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही… हातात आहे बाटली? …घट्ट? …उलटी करून बघा. …थेंब नाही?

…म्हणजे भर दुपारी गोठलेलं.

पण आबा, त्यासाठी तेल कशाला लागतं? अंगाला कळतंच की गार आहे का गरम…

हं.

स्वतःच्या अंगावर भरवसा राहिला नाही म्हणता.

केळीच्या बागेतही तुम्हाला गारच वाटलं होतं. …नाही, मला नव्हता काढायचा तो विषय. तुम्ही काढलात… बरं. मग बोलूच आज. अकरा महिने माझ्या घशात अडकलंय ते.

माझ्या बहिणीचं लग्न होतं. मेमधलं. मंडपातल्या गर्दीत पोराला त्रास नको म्हणून तुमच्याकडे सोडलं. सोडताना ओला शर्ट घालून दिला, आणखी चार पिशवीत दिले. हात जोडून सांगितलं, आबा, अर्ध्या अर्ध्या तासाने बदला, विसरू नका. …नाही विसरलात. विसरला असतात तर बरं झालं असतं एक वेळ. तुम्ही त्याला बागेत नेलं. बाहेर सेहेचाळीस, आत केळीची सावली, पायाखाली ओल. खाटेवर झोपवलंत. आत वारा असा कुठे असतो? पान हलत नाही तिथं. आणि अंगावरचा ओला शर्ट काढून कोरडा घातला. का?

बोला ना. का घातला?

सर्दी होईल म्हणून.

…मायेनेच केलंत. मला काय कळत नाही का, मायेनेच केलंत ते? दुष्टपणाने केलं असतं तर एकदाच शिव्या देऊन मोकळी झाले असते मी. हा राग नेऊन ठेवू कुठे, तेच मला कळत नाही, आबा.

त्याला झटके आले तेव्हा मी मेंदी काढून घेत बसले होते. दोन्ही हात भरलेले. …त्याच्या आधी तोंड बंद नसायचं त्याचं. तुमच्याशी तर भांडायचा, ट्रॅक्टर मी चालवणार म्हणून. आता पाणी पाहिजे तरी माझा पदर ओढतो, शब्द येत नाही…

रडू नका. …आबा, परक्याच्या दारात रडू नका. ती बाई काय म्हणेल?

दवाखान्यात मी म्हणाले होते, हो. पुन्हा माझ्या लेकराला हात लावायचा नाही. म्हणाले होते. …आज तुम्ही एवढे लांब गेलात म्हणून मी ते मागे घेते, असं म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? तुमच्याशी तर नाहीच बोलायचं खोटं.

पुन्हा खोकला. …थांबा. पाणी प्या आधी. …आबा, ही धूळ नाही. छातीत शिट्टी वाजतेय तुमच्या, मला इथं भुसावळच्या उन्हात ऐकू येतेय. दम्याचा पंप मारला का? …संपला? कधी? …कधीपासून होतंय हे? …ठियोगला उतरल्यापासून. पालमपूरला? …नव्हतं होत. तिथं बरं वाटत होतं. दोन मजले चढून गेलात तरी काही नाही.

…थांबा. थांबा जरा, आबा.

डॉक्टरांनी तुम्हाला थंड हवा बंद सांगितलीय ना? आपल्या गावातल्या जानेवारीत तुम्ही भिंतीला टेकून बसून रात्री काढता. मग जिथं बर्फ पडतो, तिथं तुम्ही येणार कसे? …राहायला नाही म्हणत मी. भेटायला. दिवाळीला, त्याच्या वाढदिवसाला, कधीतरी पोराला बघावंसं वाटलं तर? …त्याला न बघता चाललंच की. ते वर्षभर चाललंय. पण कधीच नाही म्हणजे…

माहीत आहे तुम्हाला.

माहीत असूनच ठरवलंत.

पालमपूरला तुम्हाला श्वास घेता येत होता. तिथं तुम्हाला येता आलं असतं, आणि त्या बाटलीत तेल पातळ झालं म्हणून तुम्ही ते…

मग पालमपूरच घेऊ. …नाही, ऐका ना. ऐका माझं! थोडं पातळ झालं तर झालं. दुपारचे तीन-चार तासच तर असतात. एसी लावू. मी आहे ना, मी शर्ट ओला ठेवीन, मी काय कुठे लग्नाला चाललेय का आता? …लाइट कुठे जात नाही? वीज बनते त्या दीपनगरात राहून आमचीच जाते… दवाखाना आहे तिथं, आबा. चढ कमी आहे. थोड्याने काय होतंय…

काय म्हणालात?

…हं.

थोड्याने काय होतंय, असंच तुम्हाला वाटलं होतं. बागेत.

…हो.

…हो, आबा. कळलं मला. …नाही, रडत नाही. रडतेय, पण तुम्ही बोला… मला काय होतंय माझं मलाच कळेना. अकरा महिने देवाला हेच सांगत होते मी, की पोराला ह्या माणसापासून लांब ठेव. आणि आता तुम्हीच एवढी पायपीट करून ते करून दिलंत, तर… जाऊ द्या. जाऊ द्या ते.

ठियोग. ठीक आहे. ह्यांना मी सांगते, ते नाही म्हणणार नाहीत. …द्या, बाईंकडे द्या फोन.

हां जी, आंटीजी, नमस्ते… जी, ले लेंगे हम. पक्का… आखाजी, मतलब अक्षय तृतीया हो गई कि निकलेंगे… दो जन. मैं और मेरा बेटा. उसके पापा छुट्टी में आया करेंगे… नहीं आंटीजी, दादाजी नहीं आएंगे… हां, बोला होगा उन्होंने आपको, बहुत प्यार करते हैं उससे… नहीं. उनको ठंडी हवा मना है… जी. एक बार उनको फोन दीजिए ना.

आबा. …झालं. सांगितलं त्यांना. …हो, तुमचं कौतुक करत होत्या. बाटली घेऊन फिरणारा म्हातारा म्हणून अख्ख्या बाजारात नाव झालंय तुमचं.

आता ऐका. आधी मेडिकलमधून पंप घ्या. नाव लक्षात आहे ना? …रिकामा दाखवा, तसाच देतील. आणि आज तिथं थांबू नका, मिळेल त्या बसने खाली उतरा. परत येताना जनरलने यायचं नाही, हे तिकीट काढून देतील, मी सांगते त्यांना… ऐकायचं. एवढं तरी ऐकायचं.

काय? …आम्ही निघायच्या आधी?

…

या. भुसावळला उतरलात की इकडेच या, गावी नंतर जा. …आत या. …

हात लावू का, हे विचारताय तुम्ही मला.

…लावा. मी समोर असेन. मी समोर असतानाच, आबा. एवढंच जमेल मला आत्ता. …हो. …हो, तो ओळखतो तुम्हाला. तुमचा फोटो दाखवला की हसतो. …मी नाही दाखवत, हे दाखवतात.

बरं, अंगावर काय आहे तुमच्या? …सदरा. आणि? …रुमाल म्हणजे काय पांघरूण झालं? स्वेटर कुठाय? …घरी? घरी पेटीत ठेवून काय उपयोग? …हां… एप्रिल महिन्यात स्वेटर बांधताना आईंनी पाहिलं असतं तर साक्रीचं खोटं उघडं पडलं असतं. खरंच, काय माणूस आहात तुम्ही. एवढा खोकला घेऊन नुसत्या सदऱ्यावर…

तिथंच बाजारात मिळेल. घ्या एक. …जाड घ्या. …वाया कसा जाईल? …आपल्याकडे कोण घालणार एवढा जाड, हो, पण… पुन्हा थोडंच यायचंय मला इथं, म्हणता.

…

हो. नाही यायचं तुम्हाला.

माहीत आहे, आबा. …तरी घ्या. आजच्या दिवसापुरता घ्या. खाली उतरेपर्यंत तरी घाला.