गोष्टीची वाटी

मंडळी, ऐका! आधी प्रश्न, मग आख्यान. ऐकणं म्हणजे काय हो? कानावर पडलं म्हणजे ऐकलं? मग या मांडवाच्या खांबानं माझ्यापेक्षा जास्त कीर्तनं ऐकलीत! तरी तो खांबच राहिला ना? हसू नका, जरा आपल्याकडं बघा! गोष्ट ऐकली, मान डोलावली, धोतर झटकलं आणि चालले घरी. त्या गोष्टीला आपण परत काय दिलं?

याचं उत्तर मला पोथीत नाही सापडलं, महाराज. ते सापडलं दुसरीच्या वर्गात!

धामणवाडी नावाचं गाव. दोन खोल्यांची शाळा. तिथं वेणूबाई म्हणून शिक्षिका. दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, बाई मुलांना एक गोष्ट वाचून दाखवायच्या. वाचून झाली की आपले गुरुजी काय करतात? 'तात्पर्य लिहा!' संपली गोष्ट तिथंच! पोरं जांभया द्यायला मोकळी. वेणूबाईंची तऱ्हा निराळी. त्या म्हणायच्या,

"बाळांनो, शेजारणीनं वाटीभर आमटी दिली, तर वाटी रिकामी परत देतो का आपण?"

"न्हाई बाई!"

"काय घालतो तिच्यात?"

"साखर!" — "गूळ!" — "शेंगा!"

"मग गोष्टीनं आपल्याला एवढं दिलं, तिची वाटी रिकामी द्यायची?"

एवढं म्हटलं की पितळेची एक वाटी निघायची आणि वर्गभर फिरायची. ज्यानं त्यानं गोष्टीसाठी काहीतरी घालायचं. सशाची गोष्ट असली की कुणी हिरवं गवत घालायचं. अस्वलाची असली की कुणी पळसाच्या पानाची टोपी करून ठेवायचं. एक पोरगी नुसती वाटीत तोंड घालून "गडड् गडड्!" करायची आणि म्हणायची, "बाई, मी ढग घातला!" बाई म्हणायच्या, "घातलास खरा, वाटी जड झाली की!" आणि दौलत म्हणून एक बेणं होतं वर्गात! शेळीची गोष्ट झाली, तर यानं मूठभर लेंड्या आणून घातल्या. "बाई, शेळीनंच दिल्या!" बाई काय करणार? हसल्या. वाटी तेवढी राखेनं घासून घेतली!

आता याच वर्गात बसायची भागू. सहा-सात वर्षांची, नाकीडोळी नीटस, पण मुकी मुकी. आई गेली होती बिचारीची. आणि बाप केरबानं नुकतंच दुसरं लग्न केलं होतं. नवी आई आली, सुंदरा तिचं नाव. बाई कष्टाळू, बोलायला गोड. पण गल्लीतल्या बाया गप्प बसतील तर! भागूला दारात गाठायच्या. "काय गं, मारते का? उपाशी ठेवते का? आज ना उद्या ठेवीलच हो!" — अगं बायांनो, तुमचं काय जातंय? लेकराच्या मनात का विष कालवताय?

पण कालवलं! भागू काही सुंदराला आई म्हणेना. 'ए' नाही, 'ओ' नाही, हाकच नाही. सुंदरा वेणी घालायची, भागू मान ताठ करून बसायची. त्या शनिवारी तर कहर झाला. सुंदरानं गरम भाकरी ताटात वाढली, आणि भागूनं ताट सरकवलं. "मला नको तुझी भाकरी!" दप्तर उचललं, गेली शाळेला उपाशी. सुंदरा चुलीपुढं तशीच बसून राहिली. सांगा मंडळी, तिनं काय करायचं होतं?

आणि दैव बघा! त्या दिवशी बाईंनी कुठली गोष्ट काढावी? सावत्र आईची! बाईंचं चुकलं. भल्या माणसाचंही चुकतं हो. वाचायच्या नादात समोर कोण बसलंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. गोष्टीत एक पोर असते. सावत्र आई तिला ओली लाकडं देते आणि म्हणते, "चूल पेटव, नाहीतर जेवण नाही!" पोर फुंकून फुंकून दमते. शेवटी वाऱ्याला दया येते, तो फुंकर घालतो, चूल पेटते. गावाला कळतं आणि गाव त्या बाईला वेशीबाहेर हाकलतं.

पोरं चवताळली! दौलत उठून म्हणाला, "बाई, आज तिला शिक्षा घालू वाटीत!" आणि बाई पुरतं काही बोलायच्या आत सगळी वानरसेना अंगणात! कुणी बाभळीचा काटा आणला, कुणी गोखरू, कुणी टोकदार खडा. "हे घे!" — "हाकला तिला!" — "बोचू दे चांगलं!" वाटी भरत भरत चालली भागूकडं. बाईंचं लक्ष भागूच्या चेहऱ्याकडं गेलं. अरे देवा, हे काय करून बसले मी!

वाटी भागूच्या हातात आली. आणि त्याच वेळी दौलत ओरडला, "ती बघा, भागूची सावत्र!"

सगळ्या माना दाराकडं वळल्या. दारात सुंदरा उभी! हातात फडक्यात बांधलेली भाकरी. लेक उपाशी गेली, म्हणून पाठोपाठ धावत आलेली. तिनं किती ऐकलं होतं? सगळं! 'हाकला तिला' पण ऐकलं आणि 'बोचू दे' पण ऐकलं. बिचारी आतही येईना, मागंही फिरेना. डोळे भरून आले होते, पदर तोंडाला लावला होता.

आता भागू काय घालणार? काटा घातला असता, तर कुणी तिला नावं ठेवली असती का? वर्गातल्या सगळ्यांनीच घातले होते! पण मंडळी, त्या घरात जे कायमचं तुटलं असतं, ते पुन्हा कुणाला जोडता आलं नसतं.

भागू वाटीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू? त्या गोष्टीतल्या बाईला कुणी जेव म्हणलं होतं का?"

बाई चपापल्या. पुस्तकाचं पान मागं उलटलं, पुढं उलटलं. "नाही गं बाळ. तसं लिहिलेलं नाही."

"मग ती भुकेजली असंल," भागू म्हणाली. "भूक लागली की माणूस चिडतंच. मी पण सकाळी चिडले. आमच्याकडं पण ही सगळ्यांना वाढती. हिला कोणच जेव म्हणत न्हाई. मी पण न्हाई म्हणलं."

अहाहा! काय ऐकलं त्या पोरीनं! अख्ख्या वर्गानं चूल ऐकली, वारा ऐकला, शिक्षा ऐकली. हिनं जे गोष्टीत नव्हतंच, ते ऐकलं! याला म्हणतात श्रवण, महाराज!

भागूनं वाटी फरशीवर ठेवली. एकेक काटा काढायला लागली. बोटाला एक बोचला, तरी काढतेच आहे. दौलत बघत होता. तो गुपचूप खाली बसला. "मोठा माझा हाय, तू ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि स्वतःचा काटा स्वतः काढला. मग काय! सगळी पोरं आपापलं काढायला धावली. वाटी रिकामी झाली.

भागू उठली. दाराशी गेली. सुंदराच्या हातातलं फडकं घेतलं, सोडलं, भाकरीचा अर्धा तुकडा मोडून वाटीत ठेवला आणि वाटी वर धरली.

"आई, जेव."

सुंदरा उंबऱ्यावर बसली. घास तोंडात घालते आणि रडते, घालते आणि रडते. दुसरा अर्धा तुकडा तिनं भागूला भरवला, आणि या वेळी भागूनं तोंड फिरवलं नाही. वेणूबाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "बाळांनो, आजची गोष्ट भागूनं पुरी केली."

हं, डोळे पुसताय? पुसा! पण डोळे पुसून सुटका नाही तुमची. मघाचा प्रश्न आता तुम्हालाच! काय घालणार तुम्ही या आख्यानाच्या वाटीत? दक्षिणा नको, फुलं नकोत, मला वाकून नमस्कारही नकोत!

त्या तिकडं, देवळाच्या मागं, भल्या पहाटेपासून गावच्या बाया धगीपुढं बसून पुऱ्या लाटतायत. आख्यान त्यांच्या कानावर आलंय का? भांड्यांच्या आवाजात कुठलं येतंय! आता पंगत मांडाल. पहिली पंगत तुमची, दुसरी पाहुण्यांची, तिसरी पोरासोरांची. आणि त्या? त्यांना तळाची भाजी आणि गार पुरी! इतक्या वर्षांत त्यांना कुणी जेव म्हणालं होतं का? खरं सांगा, देवासमोर बसलाय!

आज पहिली पंगत त्यांची. पाटील, बघताय काय? उपरणं कमरेला बांधा, भाजीची बादली उचला! सरपंच, तुम्ही पाणी घ्या. तरुण मंडळी, पत्रावळ्या मांडा. त्या लाजतील, नको नको म्हणतील. हात धरून बसवा. वाढा आणि ज्याच्या घरची जी असेल, तिच्यापुढं त्यानं उभं राहून सगळ्यांदेखत म्हणायचं, 'जेव.' तेवढा शब्द तरी जमेल ना?

मी हा टाळ हातात धरून इथंच उभा आहे. त्या बसल्या, त्यांनी पहिला घास घेतला, असा निरोप मला आला की मग आरती. तोवर देवही थांबेल, मीही थांबतो. चला, उठा!