मागची सायकल

ह्वालियन शहराजवळच्या पोलीस चौकीत सायकलस्वारांसाठी पंप आणि पाणी ठेवलेलं असतं. पेईयू तिथे चाकात हवा भरत होती. बाकावर सायकलवरून अख्ख्या बेटाच्या प्रदक्षिणेला निघालेलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. काकू काकांच्या कानाशी इतक्या मोठ्याने बोलत होत्या, की अख्ख्या चौकीला ऐकू जावं.

"अगं, आता तू पुढे राहा."

"नको, मी मागेच बरी."

"वारा लागू नये म्हणून माझ्या आड लपतेस ना?"

"हो, तसंच समजा."

"आड तरी नीट राहा मग! मी कसा कडेच्या रेषेच्या आत असतो. तू मात्र हातभर बाहेर, सगळा रस्ता आपलाच असल्यासारखी."

"त्यामुळे ट्रक जरा लांबून जातात."

"कसले ट्रक? सकाळपासून एक तरी हॉर्न वाजला का?"

काकू केळं सोलायला लागल्या.

"बोल की! ए पोरी, तूही त्याच रस्त्याने आलीस ना? तू ऐकलास का एखादा हॉर्न?"

पेईयूचा हात पंपावरच थांबला. तिचे कान अजून हॉर्नने भणभणत होते. काकूंनी केळ्यावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"नाही हो काका," पेईयूही मोठ्याने म्हणाली. "पण पुढे वारा फार आहे. काकूंना तुमच्या मागेच राहू द्या."

"बघ! मी काय म्हणत होतो?"