आखूड पंखाचं विमान

अभिजित : आई, एवढंच म्हणायचं, 'हे चित्र माझ्या चैत्रांगणावरून चोरलेलं आहे.' मी मोबाईल धरतो. तू जरा खिडकीकडे तोंड कर, उजेड येईल.

आई : नाही म्हणणार.

अभिजित : परत तेच! सकाळपासून समजावतोय तुला.

आई : मीही सकाळपासून नाहीच म्हणतेय. नवीन काय आहे त्यात?

अभिजित : अगं, त्या वेबसाइटवाल्यांचा नियमच आहे. आपण तक्रार केली, त्यांनी त्या बाईची चित्रं रोखून ठेवली. आता मूळ जिचं आहे तिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गेला की त्या बाईचं दुकान कायमचं बंद.

आई : 'आपण' म्हणू नकोस. तक्रार तू केलीस. मी तुला चित्र दाखवलं ते कौतुकाने. आर्याने टॅबवर ते पान उघडून दिलं होतं, 'आजी, यहाँ लोग अपनी बनाई पेंटिंग खुद बेचते हैं, बीच में कोई दुकानदार नहीं.' मी आपली बघत बसले होते. कुणी गोमतीचा घाट काढलेला, कुणी नुसत्या मांजरी. आणि बघता बघता समोर माझीच पायरी! गेरूचा रंग, वर पांढऱ्या रेघा. चैत्रात गौर बसली की महिनाभर दारात काढायचे ना मी, अगदी तेच. चहा गार झाला माझा. वाटलं, धावत जाऊन कुणाला तरी सांगावं. आणि सांगितलं ते तुला.

अभिजित : म्हणजे तुला राग आलाच नाही? तुझी रांगोळी कॅनव्हासवर उतरवून कुणीतरी परकी बाई विकतेय. गौरीचा पाळणा तुझा, कासव तुझं, शंख, चक्र…

आई : शंख-चक्र विष्णूचं. आणि कासव मिरजेत दारोदार होतं.

अभिजित : आणि विमान? मिरजेत दारोदार विमान होतं का?

आई : विमान माझं. तुझे बाबा एअरफोर्समध्ये, ते वर काश्मीरला आणि मी तुला घेऊन आग्र्याच्या क्वार्टरमध्ये. पत्र येईना. तेव्हा गौरीच्या शेजारी काढलं पहिल्यांदा. म्हटलं, बाई, तूच लक्ष ठेव. पुढे ते राहूनच गेलं.

अभिजित : तेच म्हणतोय मी! आणि डावा पंख बघ. आखूड. जगात असं विमान असतं का? इथे लखनऊत विकास नगरला आलो तेव्हा पायरीच्या टोकाला नालीची जाळी होती, म्हणून तुला पंख आवरता घ्यावा लागायचा. या बाईच्या कॅनव्हासवर कुठे आलीय जाळी? तरी पंख आखूड! बँकेत खोट्या सह्या पकडण्यात जन्म गेला माझा, आई. इतका उघड पुरावा मला कधी मिळाला नाही.

आई : पुरावा आहेच. ती तिथे बसून नीट बघत होती, याचा पुरावा. तू कधी बघितलंस?

अभिजित : म्हणजे काय? आपल्याच दारात तर असायची रांगोळी.

आई : असायची, आणि तू तिच्यावरून स्कूटर बाहेर काढायचास. मग गेरू लागला म्हणून चाक पुसत बसायचास. खाली पुसलेला सूर्य मी परत भरायचे.

अभिजित : ऑफिसची घाई असायची गं.

आई : आणि टाइल्स बसवल्या तेव्हा? तुझ्या बायकोला, सुरुचीला डाग नको होते आणि तुला कटकट नको होती. दारात ती प्लॅस्टिकची रांगोळी आणून चिकटवलीत. फडक्याने पुसता येते म्हणे. तेव्हापासून दर चैत्रात मी त्या स्टिकरला हळदकुंकू वाहतेय. त्याची कुठे तक्रार करायची, तेही सांग.

अभिजित : ती गोष्ट वेगळी आहे.

आई : असेल. तुझ्या बँकेत वेगळी असेल.

अभिजित : बरं बाबा, चुकलं आमचं. पण म्हणून कुणाही ऐऱ्यागैऱ्याला सोडून द्यायचं? ती कोण, कुठली, हे तरी ठाऊक आहे का आपल्याला? 'मंजरी, लखनऊ' एवढंच लिहिलंय.

आई : तुला नसेल ठाऊक. मला आहे. पूर्वी मागच्या गल्लीत राहायचे ना, त्या श्रीवास्तवांची गुड्डन ती.

अभिजित : ती शेंबडी गुड्डन?

आई : तीच. या घरातलं पहिलं हळदीकुंकू, तू कॉलेजात होतास. आसपास मराठी बाई औषधाला नाही. मी गल्लीतल्या सगळ्या जणींना बोलावलं. बाबांनी मुद्दाम मलिहाबादला जाऊन कैऱ्या आणल्या. आंब्याची डाळ केली, पन्हं केलं. पन्हं सगळ्या प्यायल्या. डाळीची वाटी हातात घेऊन माथुरबाई शेजारणीच्या कानात म्हणतात, 'कच्ची दाल खिला रही है बेचारी, गैस खतम हो गई होगी.'

अभिजित : गॅस! हे मला माहीतच नाही.

आई : हस तू. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. एकट्या गुड्डनने परत वाटी पुढे केली. मग दर चैत्रात यायची. फ्रॉक मातीत टेकवून पायरीशी बसायची. तिची आजी कुंपणावरून ओरडायची, 'पराये घर के टोटके मत सीख!' ही जागची हलायची नाही. हातात रांगोळी दिली तरी घ्यायची नाही. नुसती बघायची, आणि माझं मराठी उचलायची.

अभिजित : हे सगळं आधी का नाही सांगितलंस?

आई : सांगू दिलंस? चित्रावरून माझी नजर हलायच्या आत तुझी तक्रार जाऊन पोचली. आता लाव तिला फोन. पानावर नंबर आहे.

अभिजित : मी? समोरच्या पार्टीशी आपण थेट बोलायचं नसतं, आई.

आई : मग मी लावते. चष्मा दे इकडे.

(फोन वाजत राहतो. आई स्पीकर सुरू करते.)

मंजरी : हॅलो? देखिए, अगर आप कम्प्लेंट वाले हैं तो पहले ही बता दूँ, मैं पेंटिंग नहीं हटाऊँगी. जो करना है कर लीजिए.

आई : गुड्डन, मी बोलतेय.

मंजरी : …काकू?

आई : हो. आवाजाला चांगली धार आलीय तुझ्या.

मंजरी : काकू! तुम्ही… कम्प्लेंट तुम्ही केली?

आई : अभिजितने. मी नाही.

मंजरी : भैया ने? हाय राम. मला वाटलं, कोणीतरी जळणारा असेल. काकू, मी चोरी नाही केली. सच में. माझ्याकडे एक फोटोसुद्धा नाही. डोळे बंद करते तर तुमची पायरी दिसते, मग काढते. इथे वृंदावन योजना कॉलनीत, सासरी, सब कहते हैं गणेशजी बनाओ, गुलाब बनाओ, वही बिकेगा. मी म्हटलं, नाही. बिके न बिके, मी हेच बनवणार.

अभिजित : मंजरी, अभिजित बोलतोय. बनव ना, कोण नाही म्हणतंय? पण मूळ कुणाचं आहे ते खाली लिहायला नको? एका ओळीचं काम होतं.

मंजरी : लिहिणार होते, भैया. लेकिन…

अभिजित : लेकिन काय?

आई : तू थांब रे. गुड्डन, मला आधी एक सांग. विमानाच्या खिडकीत बाई बसलीय. ती कुठून आली? माझ्या विमानात कधी कुणी नव्हतं.

मंजरी : वो मैंने बिठाई है. लहानपणी मला वाटायचं, काका विमानात बसून आले, आणि काकू खाली बसून नुसतं विमान काढतात. तर मी काकूला आत बसवलं. तुम्हाला नाही आवडलं तरी मी पुसणार नाही, आधीच सांगते. वो मेरी है.

आई : ऐकलंस, अभिजित? चोर कधी घरात भर घालून जातो का?

अभिजित : मी काय म्हणतो…

आई : आता धर तो मोबाईल. करते मी व्हिडिओ. म्हणते, हे चित्र मंजरीचं आहे, तिने ते माझ्या दारात बसून कमावलंय, आणि माझी काही तक्रार नाही.

अभिजित : तसं म्हणालीस तर मी खोटा पडेन, आई.

आई : पड. काय लिहून पाठवलंयस, तेही वाच एकदा मोठ्याने.

अभिजित : आता कशाला… 'आमच्या घराण्याची परंपरागत कला. विनापरवानगी विक्री. तक्रारदार, अभिजित नंदकुमार केळकर.'

आई : आणि मी?

अभिजित : खाली आहेस की. 'मूळ रेखाटन : तक्रारदाराची आई.'

आई : तुझं नाव आहे. बाबांचं आहे. केळकरांचं आहे. गेरू तुम्ही तिघं मिळून कालवत होतात वाटतं.

अभिजित : घाईत राहिलं गं.

आई : गुड्डन, तू का नाही लिहिलंस? तुला कसली घाई होती?

मंजरी : काकू, रागावू नका. मुझे आपका नाम मालूम ही नहीं है. गेटवर काकांचं नाव होतं. मम्मी तुम्हाला 'अभिजित की मम्मी' म्हणायची, मी काकू म्हणायची. विचारायला आले होते मी, मागच्या थंडीत. गेटपर्यंत आले. काकांची पाटी दिसली नाही, टाइल्स बघितल्या, तो स्टिकर बघितला… लगा, आप लोग मकान बेचकर चले गए. लौट गई.

आई : गेटपर्यंत आलीस?

मंजरी : हो.

आई : घंटी तरी वाजवायचीस, वेडे.

मंजरी : कोणाला विचारणार होते, काकू? क्या कहकर पूछती?

अभिजित : …आई, मी तक्रार मागे घेतोय. हे बघ, घेतली.

आई : मला काय दाखवतोस? तिला सांग.

अभिजित : मंजरी, तक्रार मागे घेतली. संध्याकाळपर्यंत चित्रं परत दिसायला लागतील. काही अडलं तर माझ्या नंबरवर फोन कर. आणि… सॉरी गं.

मंजरी : अरे नहीं भैया. पण मग आता लिहू ना? खाली, चित्राच्या. क्या नाम लिखूँ, काकू?

आई : मी नाही सांगणार. ज्याच्याकडून राहिलं, तो सांगेल.

अभिजित : लिहून घे, मंजरी. सरोज.

मंजरी : सरोज… आगे?

अभिजित : आगे कुछ नहीं. नुसतं सरोज.