गाडी चुकली तर कुणाला कळवायचं

नाही नाही नाही, तिथे ‘सगळे’ लिहू नकोस, बाई! काढ ते आधी. सगळ्यांना कळवलं की कुणालाच कळत नाही — हसतेस काय, खरं सांगतेय. इथे आधी तस्संच होतं. आपल्या प्रत्येक औषधाच्या दुकानातून किती माल विकला, किती उरला, त्याचे आकडे इकडे येतात ना — त्यालाच आम्ही गाडी म्हणतो, चाकं नाहीत, इंजिन नाही, पण गाडीच — तर ती गाडी कुठे अडकली की मशीन आपणहून या इमारतीतल्या झाडून सगळ्यांना मेल टाकायचं. गोदामात, हिशेबवाल्यांना, साहेबांना, खाली फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा! मग काय व्हायचं? साहेबांना वाटायचं गोदामाने पाहिलं असेल, गोदामाला वाटायचं आम्ही पाहिलं असेल, आम्हाला वाटायचं साहेब आहेत की — आणि तो पहारेकरी बिचारा एकटाच इमानेइतबारे सगळं वाचायचा आणि घाबरून वर यायचा, ताई, मला कामावरून काढलं का हो, म्हणून.

आता हसलीस ते ठीक आहे. पण पुढचं ऐक. एकदा लहान मुलांच्या दवाखान्यासमोरचं आपलं दुकान आहे ना, त्याची गाडी अडकली. मेल सगळ्यांना गेलं, म्हणजे कुणालाच गेलं नाही. आकडे आले नाहीत, तेव्हा गोदामाने काय धरलं? की तिथे काही विकलंच गेलं नाही, माल पाठवायला नको. आणि बाहेर तापाची साथ! दुकानात तापाच्या औषधाची एक बाटली नाही, समोर आया पोरांना कडेवर घेऊन उभ्या. ती दुकानदारीण फोनवर अशी कडाडली माझ्यावर — बरोबरच होतं गं तिचं. त्या दिवसापासून मी म्हटलं, मेल गेलं खड्ड्यात. सकाळी आले की पर्ससुद्धा खाली ठेवायच्या आधी गाड्या बघायच्या, आणि एखादी अडकलेली दिसली की इथूनच हाक — ‘दवाखान्याची गाडी नाही आलीऽऽ!’ गोदामापर्यंत जाते म्हणतात. म्हणून तर मला भोंगा म्हणतात. माहीत आहे ना तुला? बघ, मान खाली घातलीस! अगं, तोंडावर म्हणतात आता, साहेबसुद्धा म्हणतात. आणि तू कानात ती बोंडं घालून बसतेस ना, तरी पहिल्या दिवशी माझ्या आवाजाने खुर्चीतून उडाली होतीस, पाहिलंय मी.

तर आता या भोंग्याच्या जागी तो मशीनचा भोंगा, गाडी अडकली की मेल येऊन थेट फोनवर वाजणारा. बसव, नीट बसव.

अट काय लिहिलीस बघू? ‘अडकली तर कळव.’ वा! झालं? संपलं? आणि गाडी आली, पण रिकामी आली तर? — अगं येते! हिरवा दिवा, ‘यशस्वी’ असं लिहिलेलं, आणि आत एक ओळ नाही. मशीनचं म्हणणं काय, मी गेलो, मी आलो, वाटेत मला कुणी अडवलं नाही, माझं काम झालं. अगदी आमच्या ह्यांच्यासारखं! बाजारात पाठवावं तर हात हलवत परत, आणि विचारलं तर म्हणे, जाऊन आलो की! तेव्हा ओळी शून्य असल्या तरी वाजव. आणि मुळात निघालीच नाही तरी वाजव — ते सगळे विसरतात. जी निघालीच नाही ती अडकणार कुठे? हां, घातलीस? शहाणी आहेस. तोंडावर कौतुक करत नाही मी कुणाचं, पण आहेस.

आणि निरोप काय लिहिलास? ‘प्रक्रिया क्रमांक अमुक, त्रुटी तमुक’ — हे कुणाला गं? वाचणारी तूच ना? डोळे चोळत वाचणार, तोंडसुद्धा धुतलेलं नसणार. सरळ लिही — कुठल्या दुकानाची गाडी, कुठे थांबली, आणि गोदामात कुणाला फोन करायचा. माणसासारखं लिही. मी ओरडायचे तेव्हा काय क्रमांक ओरडायचे का?

आता नावं. पहिलं तुझं. हो, तुझंच, इकडेतिकडे काय बघतेस. दुसरं माझं. लिही ना. — थांबलीस का? — माहीत आहे गं बाई मला, आज माझा शेवटचा दिवस, मगाशी केक मीच कापला ना? साहेबांनी भाषणसुद्धा केलं, माझ्या आवाजाबद्दलच बोलले सगळं. पण म्हणून काय झालं, थोडे दिवस असू दे माझं नाव. तुझ्यासाठीच सांगतेय, नवीन आहेस तू, एखाद्या दिवशी झोप लागली, फोन पाण्यात पडला — मी आहे मागे. मला कसला त्रास? घरी मी रिकामीच असणार. घरी मजा आहे माझी! ह्यांना ऐकू कमी येतं, कानातलं यंत्र आणलंय चांगलं, पण मी बोलायला लागले की काढतात आणि डबीत ठेवतात. डबीचं झाकण लावतात वर! मी म्हटलं, अहो, निदान मान तरी हलवा. तर हलवतात, पण भलत्याच ठिकाणी. आणि लेकीचा फोन येतो की, रोज येतो — आई, सगळं ठीक? ठीक ना? बरं ठेवते. मी ठीक म्हणायच्या आधीच ठेवलेला असतो. तर सकाळी एखादी गाडी अडकली, माझा फोन वाजला, तर मी काय करणार आहे? तुला फोन करीन, अगं ऊठ, दवाखान्याची गाडी नाही आली — एवढंच. कुणाला तरी ऐकू जायला नको का माणसाचं? — म्हणजे मशीनचं. मशीनचंच म्हणतेय मी. असं बघू नकोस माझ्याकडे, लिही.

हां. लिहिलंस. आता चाचणी घेऊ. पासवर्ड मुद्दाम चुकीचा टाक आणि सोड गाडी — सोड सोड, घाबरतेस काय, चाचणीचीच आहे. झाली लाल? — वाजला! तुझा वाजला! काय आवाज लावलायस गं, मेलेला माणूस उठेल. छान, छान.

माझा? येईल की. मागोमाग येईल, दुसरं नाव आहे ना. हा बघ, हातातच आहे फोन. — नाही, आवाज बंद नाहीये. मेलचा पत्ता बघ बरं, एखादं अक्षर गाळलं असशील घाईत. बरोबर आहे? मग? — काय परत आलंय? कुठे? वाच. मोठ्याने वाच ना, मनात काय वाचतेस. — ‘हा पत्ता अस्तित्वात नाही.’

असं कसं? मी इथे बसलेय ना तुझ्यासमोर! संध्याकाळपर्यंत आहे मी, सुटायला वेळ आहे अजून! — तरीच. दुपारपासून एकही मेल नाही. मला वाटलं, केक खाऊन सुस्तावलेत सगळे.

थांब. ती कर्मचाऱ्यांची गाडी उघड. अगं, दुपारची — कामावर कोण आहे, कोण नाही, ती यादी घेऊन मेलवाल्या मशीनकडे जाते, मग गेलेल्यांचे पत्ते आपोआप बंद होतात. मीच बसवलीय ती. उघड. — हिरवी. वेळेवर गेली, वेळेवर पोचली. रिकामी नाही, काही नाही. कालच्यापेक्षा एक ओळ कमी, बस्स. चोख काम केलंय गं, बोट ठेवायला जागा नाही. म्हणून तर कुणाकडे काही वाजलं नाही.

नको, घरचा पत्ता नको घालूस. बाहेरच्या पत्त्यावर इथलं काही कळवायचं नाही, आणि तू नवीन आहेस, उगाच बोलणी खाशील. काढ माझी ओळ. काढ गं. — बरं सरक, मीच काढते.

परत वाजला बघ तुझा. ‘पाहिलं’ दाबेपर्यंत वाजतच राहणार तो. माझ्याकडे काय बघतेस? तुझ्याकडे वाजतोय. दाब.