दोन चमचे

मार्च महिन्यातली दुपार होती. धंतोलीतल्या बर्फाच्या दुकानापुढच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या, गोणपाट घेतलेल्या मावशी आणि डबा धरलेली पंचफुला.

"पाच किलो बर्फ? पाहुणे येऊन राहिले का, मावशी?"

"पाहुणे नाही वं. आइस्क्रीमच्या पॉटात संत्र्याचा रस जमवते, जिन टाकून. तुह्या काकाजीसाठी."

"दारू? तुमच्या हातानं?"

"माह्याच हातानं. क्लबात संत्र्याच्या रसात जिन घेत अन् त्याले कॉकटेल म्हणत. रोज चार गिलास. मी म्हटलं, घरी या, याच्याहून चांगलं खाऊ घालते."

"आमचे तर घरीच बसतात बाटली घेऊन. मंग, आले काकाजी?"

"आले ना. पहिल्या दिवशी त्यायनं अर्धी बाटली ओतली. मी भोवती बर्फ अन् खडेमीठ भरलं, हँडल त्यायच्याच हाती दिलं. दोन घंटे फिरवलं, तरी पातळच. दारू जास्त झाली का रस जमतच नाही."

"मंग पातळच पिऊन टाकलं असन."

"एक घोट घेतला अन् थुकला. मीठ गेलं होतं आत."

"झाकण लावून मीठ आत कसं गेलं?"

"जाते कधी कधी. आता शेरभर रसाले दोनच चमचे टाकतात, स्वतः मोजून. क्लब बंद."

मावशींचा बर्फ गोणपाटात बांधून झाला. दुकानदारानं पंचफुलाला विचारलं,

"बाई, तुमचा नेहमीचा एक किलो ना?"

"नाही गा भाऊ, पाच दे. अन् थांबा ना मावशी, ते मीठ आत कसं जाते, तेवढं सांगून जा."